कीड, पूरण आणि सांधा
(वाचनालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शतकमहोत्सवाच्या व्यासपीठावर मराठीच्या अध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, कादंबरीवर बोलावे, फार तर सीमेपलीकडे राहिलेल्या आपल्या मराठीच्या भवितव्याची चिंता करावी, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र दाताच्या किडीविषयी, ती स्वच्छ करण्याविषयी आणि त्या पोकळीत भरलेला मसाला दाताला कसा धरून राहतो याविषयी बोलणार आहे. निमंत्रणपत्रिकेत हा विषय वाचून काहींच्या चेहऱ्यावर स्मित उमटले असेल, तर ते मला मान्य आहे.

विषय निवडण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले भाषेचे. 'कीड' आणि 'पूरण' या दोन शब्दांत आपल्या पूर्वजांच्या वैद्यकाचा मोठा इतिहास दडलेला आहे. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. सौंसर, पांढुर्णा आणि लोधीखेडा या आपल्या टापूत वाचवता येण्याजोगी दाढ काढून टाकण्याची घाई आजही होते. त्यात पैशाचा आणि अंतराचा भाग आहेच. परंतु दाताच्या आत नेमके काय घडते, हे आपल्या भाषेत आपल्याला कोणी सांगितलेले नसते, हाही भाग आहे. ही दुसरी उणीव भरून काढणे हे वाचनालयाचे काम आहे, असे मी समजतो.

प्रथम 'कीड' या शब्दाकडे पाहू. आपण म्हणतो, दाढेला कीड लागली. ज्वारीला लागते, लाकडाला लागते, तशी दाढेला. ही केवळ बोलण्याची लकब नव्हे. दातात खरोखर वळवळणारा किडा असतो आणि तोच दात पोखरतो, अशी समजूत जगभर होती. बाबिलोनच्या मृत्तिकापट्टीवर दातातील किड्याला उद्देशून मंत्र कोरलेला सापडला आहे. आपल्याकडे वैदू भुईरिंगणीचे बी निखाऱ्यावर टाकून त्याची धुरी नळीने दाढेला देत आणि मग पाण्याच्या वाटीत पांढरे तंतू दाखवून 'हे पाहा किडे' असे सांगत. युरोपात याच कामी खुरासानी ओव्याचे बी वापरीत. ही दोन्ही झाडे वांग्याच्या कुळातील आहेत, हा योगायोग नव्हे. या बियांच्या पोटात वळसा घेतलेला पांढरा अंकुर असतो. बी तापून फुटले की तो बाहेर पडतो आणि अळीसारखा दिसतो. रोग्याला किडा दिसे, धुराने दाढ थोडी बधिर होई आणि समजूत दृढ होई. दाढ मात्र आतून किडतच राही.

तथापि आपल्या शास्त्रकारांना केवळ अंधश्रद्ध म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. सुश्रुताने निदानस्थानात 'कृमिदंतक' या व्याधीचे वर्णन केले आहे. दात काळा पडणे, त्याला छिद्र पडणे, तो हलणे, स्राव, सूज आणि अकारण उठणारी तीव्र कळ ही त्याने दिलेली लक्षणे आजच्या दंतवैद्यालाही परकी वाटणार नाहीत. पुढे, साधारणतः सातव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात, बाविसाव्या अध्यायात, याचा उपचार सांगितला. दात हलत नसेल तर त्याची पोकळी गुळाने किंवा मेणाने भरावी आणि डाग द्यावा; तसेच कृमींमुळे होणाऱ्या वेदनेसाठी सातवीण आणि रुई यांच्या चिकाने पोकळी भरावी, असा त्याचा आशय आहे. येथे 'पूरण' हा शब्द येतो. पोळीत भरतो ते आपले पुरण आणि दातात भरतात ते हे पूरण, दोन्ही एकाच धातूतून आलेली. आणि दोहोंत गूळ असावा ही गंमत आहे.

येथे एक सूचना आवर्जून करतो. रुईचा चीक दाहक असतो. तो हिरडीला भाजतो आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा करू शकतो. वाग्भटाचा उल्लेख मी इतिहास म्हणून करीत आहे. त्याचा प्रयोग कोणी घरी करू नये.

परंतु या उपचारामागची दृष्टी ध्यानात घ्या. दाहाने कृमी मारायचे आणि पोकळी भरून बंद करायची. निर्जंतुक करणे आणि बुजवणे ही दंतवैद्यकातील दोन सनातन कामे वाग्भटाने एकाच उपचारात आणली. मेणाची कल्पनाही केवळ भारतीय नव्हे. स्लोव्हेनियातील लोन्चे येथे सापडलेल्या सुमारे साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या एका जबड्यातील दातावर मधमाशांच्या मेणाचा थर असल्याचे संशोधकांनी २०१२ साली जाहीर केले. त्याहूनही जुनी गोष्ट आपल्या उपखंडातली आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे, साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या नऊ माणसांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने छिद्रे पाडलेली आढळली.

वाग्भटाच्या या ग्रंथाशी महाराष्ट्राचे नाते जवळचे आहे. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री, आपला हेमाडपंत, याने अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. पुढे १८८० मध्ये डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी अरुणदत्ताच्या टीकेसह हा ग्रंथ मुंबईस छापून प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या एका मराठी डॉक्टराने आपला प्राचीन ग्रंथ संपादित करावा, ही घटना मला फार बोलकी वाटते. जुने जाणावे आणि नवे शिकावे, यांत त्या पिढीला विरोध वाटत नव्हता.

आता नवे काय ते पाहू. १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात, दातात किडे आपल्याला दिसले नाहीत, असे नमूद केले. खरा उलगडा मात्र १८९० च्या सुमारास बर्लिन येथे काम करणाऱ्या विलोबी मिलर याने केला. तोंडातील सूक्ष्म जंतू साखर आणि पिष्टमय अन्न आंबवतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दाताचे खनिज विरघळवते, असे त्याने दाखवले. म्हणजे किडा नव्हता हे खरे. पण जीव होते, हेही खरे. 'कीड' हा शब्द सर्वस्वी खोटा ठरला नाही. त्याचा आकार मात्र डोळ्यांना न दिसण्याइतका लहान झाला.

दाताचे बाहेरचे कवच, इनॅमल, हे शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज असतो. त्याखालचे डेंटिन निराळे. त्यात सुमारे ७० टक्के खनिज, २० टक्के कोलॅजेनादी सेंद्रिय द्रव्य आणि १० टक्के पाणी असते. त्यातून अतिसूक्ष्म नळ्या आतल्या मऊ गरापर्यंत जातात. गराजवळ एका चौरस मिलिमीटरात त्यांची संख्या चाळीस हजारांच्या वर असते. गार पाणी लागताच कळ उठते ती या नळ्यांमुळे, आणि पोकळी खरवडून झाली तरी जंतू मागे राहू शकतात तेही याच नळ्यांत.

विसाव्या शतकाचा बराच काळ पोकळी भरण्याचे मुख्य द्रव्य होते चांदी-पाऱ्याचे मिश्रण. लोक त्याला 'चांदी भरणे' म्हणत. वस्तुतः त्यात वजनाने निम्म्याच्या जवळपास पारा असतो. हे मिश्रण टिकाऊ खरे, पण ते दाताला चिकटत नाही. म्हणून पोकळी तळाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद कोरावी लागे, म्हणजे मसाला आत अडकून बसे. अमेरिकेतील जी. व्ही. ब्लॅक यांनी या कामाची शिस्त घालून दिली. त्यांच्या नियमांनुसार किडीच्या सोबत भोवतालचा निरोगी दातही कापला जाई. मऊ झालेले डेंटिन मागे ठेवण्यापेक्षा आतला गर उघडा पडला तरी पत्करावे, असे त्यांचे १९०८ च्या ग्रंथातील मत होते. त्या काळी ते योग्यही वाटत होते. कारण मसाला आणि दात यांच्यामध्ये फट राहणारच, हे गृहीत होते.

ही फट बुजवण्याची वाट १९५५ साली मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवली. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फरिक आम्लाने पृष्ठभाग धुतात, हे त्यांना ठाऊक होते. तेच आम्ल त्यांनी तीस सेकंद इनॅमलवर लावले. त्याने इनॅमलवर सूक्ष्म खाचखळगे पडले आणि त्यांत शिरलेले रेझिन घट्ट धरून बसले. आपल्या गवंड्याला हे तत्त्व परिचित आहे. गुळगुळीत भिंतीवर गिलावा टिकत नाही, म्हणून तो आधी टाचे मारतो.

डेंटिनची गोष्ट अवघड निघाली, कारण ते ओले आणि सजीव गराशी जोडलेले. आम्लाने त्यातील खनिज निघून गेले की कोलॅजेनच्या तंतूंचे जाळे उघडे पडते. ते वाळवले तर तंतू आडवे होऊन चिकटतात आणि रेझिनला आत जाण्यास वाट उरत नाही. फार ओले ठेवले तर पाणीच ती जागा अडवते. येथेही गवंडीच आठवतो. गिलाव्यापूर्वी तो भिंत पाण्याने भिजवतो, पण पाणी ओघळू देत नाही. जपानमध्ये नाकाबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवले की या जाळ्यात रेझिन मुरून एक मिश्र थर तयार होतो. तो ना निव्वळ दात, ना निव्वळ रेझिन. आजच्या दातरंगी भरणाचा सारा भार या काही सहस्रांश मिलिमीटर जाडीच्या सांध्यावर असतो.

आणि येथेच आपल्या विषयातील खरा पेच आहे. पोकळीतील उरलेले जंतू मारावेत म्हणून औषध लावायचे, तर तेच औषध सांध्याला बाधक ठरू शकते. सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक म्हणून प्रभावी आहे. परंतु ते कोलॅजेन विरघळवते आणि मागे राहिलेला ऑक्सिजन रेझिनला पुरते घट्ट होऊ देत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचेही तसेच. दात पांढरे करून घेतल्यानंतर लगेच भरण करू नये, साधारण दोन आठवडे थांबावे, असे दंतवैद्य सांगतात ते यासाठीच. या ऑक्सिजनवर संशोधकांना एक उतारा सापडला. तो म्हणजे सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट, अर्थात क जीवनसत्त्वाचे लवण. हायपोक्लोराइटने दुबळा केलेला सांधा त्याने पुन्हा सावरतो, असे प्रयोगशाळेत दिसून आले. आपल्या संत्र्यांच्या मुलखात क जीवनसत्त्वाची ओळख करून देण्याची गरज नाही. मात्र याचा अर्थ संत्र्याची फोड दाढेत धरावी असा नव्हे. तिच्यात आम्लही असते आणि साखरही.

लवंगेचे तेल हे आपल्या घराघरांतले औषध. त्यातील युजेनॉल कळ शमवते आणि जंतूंनाही आवरते. तात्पुरत्या भरणात दंतवैद्य स्वतः त्याचा उपयोग करतात. परंतु हेच युजेनॉल रेझिनच्या घट्ट होण्यात अडथळा आणते. दंतवैद्य पोकळी नीट साफ करून, आम्लाने धुऊन त्यावर मात करू शकतो. त्यासाठी त्याला ते कळले मात्र पाहिजे. म्हणून चार दिवस दाढेत लवंगेचा बोळा धरला असेल, तर खुर्चीत बसताच तसे सांगावे. त्यात संकोच करण्याजोगे काही नाही.

दोन टक्के क्लोरहेक्झिडीन हे आज पोकळीसाठी विशेष वापरले जाणारे द्रव्य. त्याचा गुण दुहेरी आहे. ते जंतू मारते, शिवाय डेंटिनमध्येच दडलेली, उघड्या कोलॅजेनला हळूहळू कुरतडणारी जी विकरे असतात त्यांनाही रोखते. सांध्याची तत्काळ ताकद त्याने बहुधा घटत नाही, आणि प्रयोगशाळेत सांधा अधिक काळ टिकलेला दिसतो. प्रत्यक्ष रुग्णांत वर्षानुवर्षे तोच लाभ मिळतो की नाही, याविषयी मात्र अद्याप एकमत नाही. क्वचित कोणाला या द्रव्याची तीव्र अ‍ॅलर्जी असते, तीही आधी सांगावी.

ग्रंथालयाच्या मंडळींना हा पेच नवा वाटू नये. पुस्तक बांधताना आपला बाइंडर खळीत चिमूटभर मोरचूद घालतो, म्हणजे कसर लागत नाही. पण मोरचूद अधिक झाला तर कागदच काळवंडतो आणि ठिसूळ होतो. कीड मारणारे द्रव्य आणि जोडणारी खळ यांचे प्रमाण सांभाळणे, हेच बाइंडरचे कसब आणि हेच दंतवैद्याचेही.

मग प्रश्न असा की, पोकळीतील शेवटचा जंतू मारलाच पाहिजे काय? ब्लॅक यांचे उत्तर स्पष्टपणे होकारार्थी होते. गेल्या काही दशकांत ते बदलले. मर्ट्झ-फेअरहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या एका अभ्यासात किडलेला भाग मुद्दाम आत ठेवून त्यावर पक्के बंद भरण केले. दहा वर्षांनंतर, १९९८ मध्ये, त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या दातांत भरणाचा सांधा शाबूत राहिला, त्यांत कीड पुढे सरकली नव्हती. कारण उघड आहे. जंतूंना साखर बाहेरून मिळते. दार पक्के बंद झाले की आतला जंतू उपाशी राहतो. म्हणून आज खोल पोकळीत कडांचा भाग पूर्ण स्वच्छ करतात, पण गराच्या अगदी जवळचा थोडा मऊ थर राहू देतात. गर उघडा पडत नाही, दाढ जिवंत राहते. वाग्भटाच्या दोन कामांपैकी 'मारणे' हे थोरले आणि 'बुजवणे' हे धाकटे, असे आपण समजत होतो. आता क्रम उलटा झाला आहे.

अर्थात सांधा म्हणजे एकदा लावलेली मोहोर नव्हे. दातरंगी भरण प्रकाशाने घट्ट होताना आकारमानाने दोन-तीन टक्के आकसते, म्हणून ते थराथराने भरावे लागते. लाळेचा वा रक्ताचा थेंब लागला तरी बंध बिघडतो. त्यासाठी दाताभोवती रबराचा पडदा लावण्याची युक्ती १८६४ मध्ये सॅनफर्ड बार्नम यांनी काढली. विदर्भातील चंद्रपूर, यवतमाळ अशा जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे. तिथल्या माणसांच्या डागाळलेल्या इनॅमलवर आम्ल सहज काम करीत नाही, त्यामुळे आम्ल अधिक वेळ ठेवावे लागू शकते. दंतवैद्य भरणाला वेळ लावतो, तोंडात कापूस कोंबून ठेवतो, बोलू देत नाही, तेव्हा चिडू नये; तो या सांध्याचीच राखण करीत असतो.

आता आपल्या गावाकडे येतो. आपल्याला जवळचे मोठे शहर नागपूर. तेथील शासकीय दंत महाविद्यालय १९६८ पासून सुरू आहे. सौंसर-पांढुर्ण्याचा कारभार १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर भोपाळहून चालू लागला आणि २०२३ मध्ये पांढुर्णा हा जिल्हाही झाला. पण दुखणे मोठे झाले की आपली पावले नागपूरकडेच वळतात. एका भरणासाठी दोन-तीन खेपा, म्हणजे तितक्या दिवसांची मजुरी. तेव्हा बाजारात पेटी मांडून बसणारा दातवाला जवळचा वाटतो. तो काढलेल्या दाताच्या जागी खोटा दात शेजारच्या दातांना अ‍ॅक्रिलिकने चिकटवून देतो. तोही एक सांधाच. पण तो अन्न अडकवतो, हिरडी कुजवतो आणि आधाराला घेतलेले दोन चांगले दातही सोबत नेतो. त्या दातवाल्याला दोष देणे सोपे आहे. त्याच्याकडे जाणाऱ्यासमोर दुसरा कोणता पर्याय होता, हे विचारणे अवघड आहे.

पर्याय अगदीच नाहीत असे नव्हे. १९७२ मध्ये विल्सन आणि केंट यांनी जगापुढे आणलेले ग्लास आयोनोमर हे द्रव्य दाताच्या कॅल्शियमशी स्वतःच रासायनिक बंध जोडते, थोडे फ्लोराइड सोडत राहते आणि त्याला रेझिनसारखा नाजूक सांधा लागत नाही. त्याच्या जोरावर टांझानियात १९८० च्या दशकात विजेविना, केवळ हाताच्या अवजारांनी पोकळी साफ करून भरण्याची पद्धत सुरू झाली. किडीवर लावल्यास ती थांबवणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे दुसरे औषध. त्याने किडलेला भाग काळा पडतो, पण लहान मुलाला सुई-यंत्राविना आराम मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये फ्लोराइडयुक्त टूथपेस्टसह ही दोन्ही द्रव्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. ज्या गावाला वीज, वेळ आणि पैसा यांची ओढ आहे, त्या गावासाठी ही साधी साधने मोलाची आहेत. आपल्या आरोग्य केंद्रात त्यांची मागणी आपणच केली पाहिजे, आणि मागणी करायला आधी नाव ठाऊक असावे लागते.

पाऱ्याच्या भरणाविषयीही भीती पसरलेली असते. पर्यावरणात जाणारा पारा घटावा म्हणून २०१३ चा मिनामाता करार झाला, भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून अशा भरणांचा वापर, वैद्यकीय अपवाद वगळता, बंद केला. पण तोंडात असलेले जुने, शाबूत भरण केवळ भीतीपोटी उकरून काढू नये. उकरतानाच पाऱ्याची वाफ अधिक सुटते आणि चांगला दातही खर्ची पडतो.

श्रोतेहो, दंतवैद्यासमोर बसल्यावर तीन प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. ही दाढ काढण्याऐवजी वाचवता येईल का? गराजवळचा भाग राखून भरण करता येईल का? आणि भरण कोणत्या द्रव्याचे आहे, किती दिवसांनी ते तपासायला यावे? मिसरी आणि खर्रा यांविषयी तो तुम्हाला प्रश्न विचारील, त्यांची उत्तरे तुम्ही खरी द्या. खर्ऱ्याने होणारी हानी दातापाशी थांबत नाही. ती तोंडाच्या कर्करोगापर्यंत जाते.

शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी हे वाचनालय उभे केले, त्यांना ज्ञान म्हणजे केवळ काव्यशास्त्रविनोद अभिप्रेत नव्हता. माणसाचे जगणे सुसह्य करणारी विद्या त्याच्या भाषेत त्याच्या हाती पडावी, ही त्यांची आस होती. आपल्या मुलांची शाळा हिंदीतून होते, औषधांच्या चिठ्ठ्या इंग्रजीत येतात आणि कळ मात्र मराठीत उठते. या तिन्हींमधील फट बुजवणारा सांधा म्हणजे गावचे वाचनालय. त्याच्या कपाटात आरोग्यविषयक सोप्या मराठी पुस्तकांचा एक खण असावा आणि वर्षातून एकदा नागपूरच्या दंतवैद्यांना बोलावून येथे तपासणी व्हावी, एवढी विनंती मी मंडळापुढे ठेवतो.